वाघ्यासाठी फोटोवाला

आमच्या बाहेरच्या खोलीत शोकेसच्या वर एक भिंत आहे. तिच्यावर घरातल्या सगळ्यांचे फोटो लागलेले आहेत. काळी टोपी घातलेले वडील, नऊवारीतली आई, आमच्या लग्नातला जरा घाबरलेला मी, पदवीदानाच्या झग्यातली मुलगी, आणि बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशीचा, गळ्यात हार नि हातात भेटीचं घड्याळ असलेला पुन्हा मीच. या भिंतीवर घरातल्या एकाच सदस्याचा फोटो नव्हता. हा सदस्य चार पायांचा असून २०१३ सालापासून आमच्याकडे राहतो. त्याचं नाव वाघ्या.

नाव मुलीनं ठेवलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री, आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका स्कूटरच्या मागे हे काळंकुट्ट पिल्लू भिंतीला पाठ लावून थरथरत बसलं होतं. बाहेर हजाराची माळ चालू होती. पाच-सहा महिन्यांचं असावं. मुलीनं ओढणीत गुंडाळून वर आणलं. रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट तिच्या लहानपणापासूनची आवडती, म्हणून हाही वाघ्या. नावात वाघ असला तरी पोटात ससा आहे, हे कळायला आम्हाला आठवडाही लागला नाही. छत्री उघडण्याचा आवाज, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारा माणूस, दुसरा कोणताही कुत्रा, अशी त्याच्या भीतीची लांबलचक यादी आहे, आणि यादीत सगळ्यात वर आहे तो त्याच्याकडे रोखून पाहणारा अनोळखी माणूस.

भित्रा कुत्रा पळून जातो असा आपला समज असतो. जागा असेल तर तो पळतोच. पण गळ्यात पट्टा आहे, मागे भिंत आहे, समोरचा माणूस पुढे पुढे येतो आहे, अशा वेळी त्याच्याकडे एकच उपाय उरतो. तो भुंकतो, अंगावर धावून गेल्यासारखं करतो, आणि तेवढ्यानं समोरचा मागे सरकला नाही तर दात लावतो. अशा कुत्र्याला हल्ली ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणतात. आपण पूर्वीपासून सरळ ‘चावरा’ म्हणून मोकळे होतो. दोन्ही शब्दांत फरक आहे, आणि तो मला फार उशिरा कळला.

अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५ साली त्याचं पुस्तक काढलं. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जे जे निवांतपणे पाहतं, ते त्याच्या लेखी जगाचा भाग होतं, आणि त्या काळात जे दिसलंच नाही ते पुढे परकं वाटत राहतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. आमचा वाघ्या ते आठवडे कुठे होता, कोणी त्याला दगड मारला, कोणी हाकललं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. तो आला तेव्हा ती मुदत टळून गेली होती.

आता फोटोकडे येतो. मोबाइल वर केला की वाघ्या मान फिरवतो. तरी आमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये मिळून त्याचे तीनेकशे फोटो असतील. बहुतेकांत पाठ आहे, काहींत शेपूट, आणि काहींत सोफ्याखाली एक काळा ठिपका. ही म्हणते, “हे फोटो पाहून कोणी म्हणेल, यांच्याकडे कुत्रा नाही, उशी आहे.”

२०२३च्या डिसेंबरात मुलगी जर्मनीहून सुट्टीवर आली. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होत होती. घरच्या घरी सगळ्यांचा मिळून एक चांगला फोटो काढायचा, वाघ्यासकट, असं ठरलं. ओळखीतल्या एका लग्नाच्या फोटोवाल्याला बोलावलं. माणूस आपल्या कामात वाकबगार. फोनवर त्यानं विचारलं, “काका, कुत्रा चावत नाही ना?” मी म्हणालो, “छे हो, नुसता भुंकतो.”

हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी उच्चारलेलं असतं. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. अर्जदारानं आधीच्या थकबाकीचा रकाना कोरा सोडला की मला बरोबर वास यायचा. इथे मी स्वतःच तो रकाना कोरा सोडला. दोन वर्षांपूर्वी वाघ्यानं गॅसच्या माणसाच्या पँटला दात लावले होते. कापडच फाटलं होतं, कातडी नाही. म्हणून ते मी हिशेबात धरलं नव्हतं.

फोटोवाला दोन मदतनीस घेऊन आला. चार अनोळखी पेट्या उघडल्या. स्टँड उभे राहिले. मग त्यांच्यातल्या एकानं दिव्यावरची पांढरी छत्री फटकन उघडली. वाघ्या माझ्या खुर्चीखाली गेला. मी त्याला पट्टा धरून बाहेर ओढलं, हिनं त्याला धरून बसवलं, आम्ही तिघं त्याच्याभोवती हसऱ्या चेहऱ्यानं बसलो. फ्लॅश उडाला. पुन्हा उडाला. वाघ्या कॅमेऱ्याकडे बघेना, म्हणून फोटोवाल्यानं मदतनीस मुलाला सांगितलं, “जवळ जा, शिट्टी वाजव.” एकोणीस-वीस वर्षांचा तो मुलगा पुढे आला, वाकला, आणि त्यानं चूंचूं करणारं एक खेळणं वाघ्याच्या नाकासमोर दाबलं.

पुढचं सगळं एका सेकंदात झालं. मुलाच्या मनगटावर दोन खोल खुणा आणि रक्त.

जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते, हे मुलीला ठाऊक होतं म्हणून ते तरी नीट झालं. वाघ्याला रेबीजची लस दर वर्षी दिलेली होती; तरीही मुलाला इंजेक्शनं घ्यावी लागलीच, आणि ती घेतलीच पाहिजेत. प्रत्येक तारखेला मी त्याला रिक्षानं दवाखान्यात घेऊन जात होतो. सोसायटीचं लेखी पत्र आलं. फोटोवाल्यानं जातानाच सांगितलं होतं की असली जनावरं घरात ठेवू नयेत. मी गप्प होतो, पण आतून मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

तिसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी रांगेत बसल्या बसल्या तो मुलगा माझ्याशी बोलायला लागला. माण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. म्हणाला, “काका, त्यानं आधी सांगितलं हुतं की. सारखं नाक चाटत हुता. मग डोळ्याचा पांढरा भाग दिसाया लागला. आमची मेंढरामागची कुत्री बी असंच करत्यात. मला कळलं हुतं. पर सायेब म्हनले वाजव, तर वाजवली.”

खोलीत सहा माणसं होती. ज्याला कुत्र्याचं बोलणं कळत होतं, त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्यालाच चावा बसला.

त्यानंतर मी वाचायला लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो. नॉर्वेच्या तुरिद रुगोस या प्रशिक्षक बाईंनी कुत्र्यांच्या या बारीक खुणांवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं आहे. झोप आलेली नसताना जांभई देणं, खायला काही नसताना ओठ-नाक चाटणं, मान वळवणं, एकाएकी जमीन हुंगायला लागणं, या सगळ्यांतून कुत्रा समोरच्याला ‘जरा बेतानं घे’ असं सांगत असतो, असं त्यांचं म्हणणं. वाघ्या दहा वर्षं आमच्या मोबाइलपुढे मान वळवत होता. आम्ही त्याला ‘लाजतो’ म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट सापडली, ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. चार्ल्स डार्विननं १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिलं. छायाचित्रं छापलेल्या सुरुवातीच्या शास्त्रीय पुस्तकांत त्याची गणना होते. रडणारी मुलं, घाबरलेला म्हातारा, नाक मुरडणारी माणसं, हे सगळं त्यात फोटोंमधून आहे. पण कुत्र्यांची पाळी आली तेव्हा डार्विननं चित्रकारांना गाठलं. शत्रूच्या पवित्र्यातला ताठ शेपटीचा कुत्रा आणि लाडात येऊन अंग चोरणारा कुत्रा, ही त्या पुस्तकातली प्रसिद्ध चित्रं हातानं काढलेली आहेत. पुढे १८८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत माइब्रिजनं धावणाऱ्या घोड्यांबरोबर कुत्रेही कॅमेऱ्यात पकडले, पण ती त्यांची चाल होती. कुत्र्याच्या चेहऱ्यावर काय चाललं आहे ते पकडायचं, तर आधी ते बघता यावं लागतं, आणि त्या बाबतीत आपण अजून डार्विनच्या चित्रकारांच्या मागेच आहोत असं मला वाटतं.

फोटोचा विषय आम्ही सोडून दिला होता. २०२४च्या ऑक्टोबरात तो पुन्हा निघाला. वाघ्या पाणी फार प्यायला लागला, खाणं कमी झालं, म्हणून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं थकल्याचं सांगितलं. आहार बदलला, गोळ्या सुरू झाल्या. “किती दिवस?” असं हिनं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “काही महिने काढेल, काही कुत्री त्याहून जास्तही काढतात.” घरी आल्यावर ही बराच वेळ काही बोलली नाही. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, एक तरी नीट फोटो हवा हो त्याचा.”

मग मी फोटोवाला शोधायला निघालो, आणि या वेळी बँकेतल्यासारखा निघालो.

पहिला एक स्टुडिओ होता, खास पाळीव प्राण्यांचा. भिंतीवर गॉगल घातलेले, टोप्या घातलेले, बो बांधलेले कुत्रे. मी आमच्या वाघ्याची सगळी हकिकत सांगितली. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, “इकडे घेऊन या. आमच्याकडे पाच मिनिटांत वठणीवर येतात.” मी आभार मानून बाहेर पडलो. पाच मिनिटांत कर्ज मंजूर करणाऱ्यांचाही मला असाच अनुभव आहे.

दुसरा तरुण मुलगा मोठा कलावंत. वेताळ टेकडीवर पहाटेच्या धुक्यात धावणाऱ्या कुत्र्यांचे त्यानं काढलेले फोटो पाहून मी खरोखर थक्क झालो. तो म्हणाला, “काका, फक्त पट्टा काढा. पट्ट्यानं फोटो मरतो. आणि कुत्री माझ्याकडे आपोआप येतात.” आता सकाळी टेकडीवर किती कुत्री असतात ते पुणेकरांना माहीत आहे. तिथे वाघ्याचा पट्टा सोडणं म्हणजे त्याला पुन्हा कधी न पाहण्याची तयारी ठेवणं. शिवाय ‘कुत्री माझ्याकडे आपोआप येतात’ म्हणणाऱ्या माणसाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. असा माणूस कुत्र्याचं ऐकत नाही, कारण आपल्याला ते आधीच कळलेलं आहे अशी त्याची खात्री असते.

तिसरा सल्ला नात्यातून आला. झोपेची गोळी द्यायची, गुंगीत फोटो काढायचा, त्यात काय! मी डॉक्टरांना विचारलं. ते जरा चिडलेच. म्हणाले, “फटाक्यांसाठी पूर्वी सर्रास अशी गोळी द्यायचे. अंग सुस्त पडतं, पण कान चालू असतात, भीती तशीच असते. फक्त हलता येत नाही. भीती कमी करणारी दुसरी औषधं आहेत, ती गरज असेल तर मी देईन. पण फोटोसाठी गुंगी? आणि या मूत्रपिंडांवर? मुळीच नाही.”

या धावपळीत एक नवी खोड मला लागली. प्रत्येकाचे नमुन्याचे फोटो मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. पूर्वी मी प्रकाश, रंग, पार्श्वभूमी बघत होतो. आता कान बघायला लागलो. सुंदर, धारदार, भिंतीवर लावण्यासारख्या कितीतरी फोटोंत कुत्र्याचे कान मागे चिकटलेले होते, ओठांचे कोपरे ताणून मागे गेलेले होते, डोळ्यांत पांढरी चंद्रकोर होती. खाली मथळा ‘हसरा ब्रूनो’. ब्रूनो हसत नव्हता. ब्रूनो सुटायची वाट बघत होता. एकदा हे दिसायला लागलं की दिसतच राहतं, आणि पाहुण्यांकडे जाऊन त्यांच्या कुत्र्याच्या फोटोचं कौतुक करणं अवघड होऊन बसतं.

मग मी एक मागणी करायला लागलो. निवडक वीस फोटो दाखवू नका; कोणत्याही एका कुत्र्याचे, एका दिवसाचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे दाखवा. खात्यातली आजची शिल्लक बघून भागत नाही, वर्षाचं पासबुक बघावं लागतं. दोघांनी ही मागणी उडवून लावली. तिसरीकडून फोनवर उत्तर आलं, “दाखवते. पण आधी मला तुमच्या कुत्र्याबद्दल विचारू द्या.”

या बाई तिशीतल्या. त्यांनी मला फोनवर अर्धा तास प्रश्न विचारले. दर शेवटपर्यंत निघालाच नाही. कशाकशाला घाबरतो? अनोळखी माणूस किती अंतरावर आला की त्याचं खाणं थांबतं? घाबरला की घरात कुठे जाऊन बसतो? खायला सगळ्यात जास्त काय आवडतं? दिवसात कोणत्या वेळी निवांत असतो? आणि मग, अगदी साध्या आवाजात, “कोणाला चावलाय का?”

मी सगळं सांगितलं. गॅसचा माणूस, मनगट, इंजेक्शनं, सोसायटीचं पत्र. आता त्या नाही म्हणणार असं धरूनच सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. म्हणजे मला कुठे बसायचं ते ठरवता येईल.” मग एक प्रश्न आला ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. “काका, फोटो कशासाठी हवाय?” भिंतीसाठी, असं मी म्हणणार होतो. ही शेजारून ऐकत होती. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, “तो घरात आमच्याबरोबर असताना जसा दिसतो ना, तसा हवाय. बाहेरच्यांना तो तसा कधी दिसलाच नाही.”

बाईंनी एक अटही घातली. त्या तीनदा येणार. फोटो मिळेलच असं नाही. मिळाला नाही तरी येण्याजाण्याचे पैसे द्यायचे. दर स्टुडिओवाल्याच्या तिप्पट होता. मी कबूल झालो. जो माणूस ‘जमेलच’ म्हणतो तो जमवण्यासाठी काहीही करतो, हे मी एकदा पाहिलं होतं.

त्यांचं एका दिवसाचं पासबुकही मी पाहिलं. एका खेडवळ दिसणाऱ्या तांबूस कुत्रीचे दीडशेच्या आसपास फोटो. पहिल्या तीसेकांत ती लांब, पाठमोरी. मग हळूहळू मान इकडे. मध्ये काही वेळ नुसतीच रिकामी अंगणं, कारण कुत्री आत निघून गेली होती आणि बाईंनी तिला बोलावलं नव्हतं. शेवटचे दहा-बारा इतके साधे होते की स्टुडिओच्या भिंतीवर ते कोणी लावले नसते. पण कान सैल होते.

इथे एलियट अर्विटची आठवण येते. २०२३ साली तो गेला. कुत्र्यांचे फोटो त्याच्याइतके मजेदार क्वचितच कोणी काढले असतील. १९७४चा न्यूयॉर्कमधला त्याचा तो फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. कॅमेरा जमिनीलगत, एका बाजूला थोराड कुत्र्याचे खांबासारखे पाय, मध्ये बाईचे बूट, आणि टोकाला टोपी घातलेलं एवढंसं कुत्रं. कुत्र्यांनी दचकून बघावं म्हणून अर्विट त्यांच्यावर चक्क भुंकायचा, भोंगा वाजवायचा. धीट कुत्र्याला ते खेळणं वाटतं. आमच्याकडे हा थोर माणूस आला असता तर त्यालाही इंजेक्शनं घ्यावी लागली असती. मोठा फोटोवाला आणि आपल्या कुत्र्यासाठी योग्य फोटोवाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाई पहिल्यांदा आल्या त्या कॅमेऱ्याशिवाय. आम्ही वाघ्याला आधीच आतल्या खोलीत ठेवलं होतं. त्या येऊन बाहेर जमिनीवर बसल्या, दाराकडे कुशी करून, आणि हिच्याशी डाळींच्या भावावर गप्पा मारू लागल्या. मग मी वाघ्याला पट्ट्यानं आणलं. तो भुंकला. त्यांनी वळून पाहिलं नाही. तो पुन्हा भुंकला, थांबला, जमीन हुंगली. पंधरा मिनिटांनी त्यांनी निरोप घेतला. जाताना एक काम देऊन गेल्या. जाळीचं मुसकं आणायचं. कापडी पट्टीचं नको, त्यात कुत्र्याला धाप टाकता येत नाही. जाळीच्या आत दही फासायचं आणि वाघ्यानं स्वतः होऊन तोंड घातलं तरच चाटू द्यायचं. पट्टी बांधायची घाई करायची नाही. तीन आठवड्यांनी वाघ्या मुसकं दिसलं की शेपूट हलवायला लागला. आता ते त्याला ताटासारखं वाटतं.

दुसऱ्यांदा कॅमेरा आला, पण तो जमिनीवर पडून राहिला. वाघ्यानं मुसकं घालून खोलीभर फिरून त्याचा वास घेतला. मला या भेटीत कॅमेऱ्याबद्दल थोडं शिकायला मिळालं. कुत्र्यांच्या जगात रोखून बघणं ही धमकी असते, आणि कॅमेऱ्याची भिंग म्हणजे भला मोठा न मिटणारा डोळाच. म्हणून लांबून काम करणारी, ७०-२००ची लेन्स. जुन्या कॅमेऱ्यात फोटो काढताना आतला आरसा खाडकन वर उडतो. नव्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात आवाज पूर्ण बंद करता येतो. पण तसा आवाज बंद केला की एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येण्याची शक्यता असते, म्हणून दिवे घालवून खिडकीच्या उजेडात बसायचं.

आणि मुख्य अडचण, वाघ्याचा रंग. काळ्या कुत्र्यापुढे कॅमेरा फसतो. समोर फार अंधार आहे असं समजून तो फोटो उजळवतो, आणि काळा कुत्रा राखाडी होतो. ते टाळायला गेलं तर काळ्या चेहऱ्यात काळे डोळे बुडून जातात. म्हणून फोटोवाल्याचा हात फ्लॅशकडे जातो. फ्लॅशनं डोळे उठतात खरे, पण कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, त्यामुळे दोन हिरवे दिवे लागतात. आणि आमच्या वाघ्याच्या लेखी बंद खोलीत वीज कोसळते. उपाय एकच होता, त्याचं तोंड आपणहून खिडकीकडे असेल अशा वेळेची वाट बघणं.

ती वेळ २०२५च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी आली. पूर्वेच्या खिडकीपाशी त्याची गोधडी असते. ही त्याच्याजवळ बसली, पट्टा तिच्या हातात. बाई स्वयंपाकघराच्या दारात, पंधरा फुटांवर, जमिनीवर. या वेळी मुसकं नव्हतं. त्याऐवजी अंतर होतं, पट्टा होता, आणि मधे मी पाटावर. चाळीस मिनिटं ठरली होती. पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग बाहेर कठड्यावर कावळा आला. वाघ्यानं पुढचे पाय एकावर एक ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिला. ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं. हनुवटीवरचे पांढरे केस इतके झाले आहेत, हे मला तेव्हा प्रथम दिसलं. कॅमेऱ्याचा आवाज नव्हता, त्यामुळे फोटो निघतोय की नाही तेही कळत नव्हतं.

अठराव्या मिनिटाला वाघ्यानं जांभई दिली. थोड्या वेळानं आणखी एक. बाईंनी लेन्सवर झाकण लावलं.

मी म्हणालो, “अहो, आता तर ऊन छान आलंय. तो बसलाय पण. अजून दोन काढा ना.” डिसेंबरातल्या त्या फोटोवाल्याच्या आणि माझ्या आवाजात त्या क्षणी काही फरक नव्हता. बाई म्हणाल्या, “नको काका. तो पुरे म्हणालाय.” आणि उठल्यासुद्धा नाहीत; बसल्या बसल्याच मागे सरकत दाराआड गेल्या.

सतरा फोटो दिले. आम्ही एक निवडला, कावळ्याकडे बघतानाचा. वाघ्या कॅमेऱ्याकडे बघत नाही. कान सैल, तोंड मिटलेलं, डोळ्यात खिडकीचा एक लहानसा चौकोन. पट्टा दिसतो. बाई म्हणाल्या, संगणकावर तो पुसून टाकता येईल, पुष्कळ जण पुसून घेतात. ही म्हणाली, “राहू दे. त्याचं दुसरं टोक माझ्या हातात आहे.” आणि खरंच, कडेला तिची दोन बोटं आणि एक हिरवी बांगडी आली आहे.

मी फोटो मुलीला पाठवला, आणि त्या माणच्या मुलालाही. त्यानं आता स्वतःचा कॅमेरा घेतला आहे, लग्नांची कामं करतो. त्याचं उत्तर लगेच आलं. “काका, लई भारी. कान बघा की त्याचे.”

फोटो मोठा करून चौकट बसवून आणला, त्याला आता कितीतरी दिवस झाले. भिंतीवर वडिलांच्या शेजारी जागाही ठरली आहे. पण खिळा ठोकायचा म्हटलं की प्रश्न येतो. हातोडीचा पहिला ठोका पडला तेव्हाच वाघ्या पलंगाखाली गेला होता आणि संध्याकाळपर्यंत त्यानं गोळीसुद्धा घेतली नाही. तेव्हापासून ती चौकट शोकेसवर भिंतीला टेकवून ठेवली आहे, आणि केर काढताना ही ती उचलून पुसून पुन्हा तिथेच ठेवते.